सर्वेशचा लोहचुंबक

लेप्टोच्या तापाने सर्वेश गेला. आत्माराम मुंबईहून पोचला तोवर पोराची शुद्ध हरपली होती, त्यामुळे शेवटचं बोलणं राहूनच गेलं. दिवाळीनंतर रत्नागिरीतल्या कॉलेजातून फोन आला. पोराचं प्रोजेक्ट तिथे पडून होतं.

शमिका मॅडमनी ते प्रयोगशाळेच्या टेबलावर आणून ठेवलं. उलट्या यूच्या आकाराचं लोखंड, त्यावर तांब्याच्या तारेची गुंडाळी, आणि खाली चिकटवायला वजन अडकवलेली लोखंडी पट्टी.

“ह्याचं काय करायचं, मॅडम?” आत्मारामने विचारलं. पोरगा इलेक्ट्रिकलला आहे, एवढंच तो मुंबईत कामाच्या गोदामात सगळ्यांना सांगत असे. त्यापुढचं त्याने कधी विचारलंच नव्हतं.

मॅडमनी बॅटरी जोडली आणि पट्टी वर टेकवली. हात काढताच ती वजनासकट खाली आदळली.

“लोखंडाच्या दोन्ही तोंडांना गंज चढलाय, काका,” त्या ओशाळून म्हणाल्या. “तारेतून वीज गेली की चुंबकाचा प्रवाह ह्या लोखंडातून निघतो, पट्टीतून फिरून परत येतो. लोखंडातून तो सहज जातो. पण मध्ये बारीकशी फट राहिली तरी बराच जोर तिथेच खर्ची पडतो.”

“पॉलिश पेपर आहे?”

आत्माराम खाली मान घालून घासू लागला. तांबूस भुकटी टेबलावर सांडली. गंजाखालून कानशीचे बारीक ओरखडे दिसले तसा तो थबकला.

“अजून थोडं गुळगुळीत करा.”

“नको. हे त्याने केलान.” त्याने ओरखड्यांवरून हळूच अंगठा फिरवला.

ह्या वेळी पट्टी खट्‌कन चिकटली. वजन अधांतरी राहिलं. आत्मारामने दोन्ही हातांनी पट्टी ओढून पाहिली, ती हलेना. तेव्हा इतके महिने कोंडलेलं रडू त्याला आवरलं नाही. मॅडम तोंड फिरवून खिडकीशी उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “गुंडाळी तापतेय, काका. बंद करावं लागेल.”

त्याने वजनाखाली तळहात धरला. “करा.”

वजन हातात आलं. गुंडाळी निवल्यावर त्याने सगळं टॉवेलात गुंडाळलं आणि दारापर्यंत जाऊन परत फिरला.

“त्याच्या आईला दाखवायचंय. काय कुठून जातं, ते परत एकदा सांगा.”

मॅडमनी सावकाश सांगितलं. आत्माराम मागोमाग म्हणत राहिला, चुकला की थांबून पुन्हा पहिल्यापासून.