उसनं नाव

"ताई, आत आपलं खरं नाव नाही सांगणार मी," रिक्षातून उतरता उतरता ढुंढी म्हणाला. "पूरे बनारसमध्ये ढुंढिराज आहेत किती? नाव घेतलं की खेल खतम."

ढुंढिराज माझा धाकटा भाऊ. वय एकसष्ट. पंचगंगा घाटावर श्राद्ध-तर्पण सांगतो. नाशिक-पुण्याचे यजमान त्याच्याकडे येतात. दारू थांबली नाही तर पुढची दिवाळी दिसणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. पाय सुजायला लागले होते. अकरा वर्षांपूर्वी दारूनेच गेलेला आमचा भाऊ रत्नाकर, ढुंढीहून थोरला; त्याचेही आधी पायच सुजले होते.

ही तिसरी बैठक. दारू सोडू बघणारी माणसं आठवड्यातून दोनदा जमतात, एकमेकांना आपलं सांगतात, एवढंच. पहिली मंगला गौरीच्या देवळापाशी, घराजवळ. तिथे दारातच आमचा दर्भ-समिधावाला बसलेला. ढुंढी चपला न काढताच परतला. दुसरीत सगळी विशीतली पोरं. "अंकल, आप?" एवढंच कोणी म्हणालं, तरी हा उठला. ही तिसरी रेल्वे कॉलनीत, गंगेपासून लांब. इथे ओळखीचं कोणी नव्हतं.

"मग रत्नाकर सांग," मी म्हटलं. "तो थोडाच रागावणार आहे?"

ढुंढी हसला. मीही हसले.

घरच्यांना आत जाता येत नाही. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. खिडकीतून त्याचा आवाज आला, "मेरा नाम रत्नाकर है. मैं शराबी हूँ." आणि मग आतली सगळी माणसं एका सुरात म्हणाली, "रत्नाकर भाई, स्वागत है."

भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

लहानपणी बाबा दोघांना पहाटे घाटावर नेत. रत्नाकर तर्पणातली नावं खणखणीत म्हणायचा, ढुंढी चुकवायचा. बाबा त्याच्या मनगटावर टिचकी मारत: "नाव चुकलं की पाणी वाट चुकतं, गाढवा." मी वरच्या पायरीवर तिळाची वाटी धरून बसायची. रत्नाकर मला डोळा मारायचा.

बैठकीने मात्र गुण दिला. ढुंढीने बाटली सोडली. एक आठवडा, मग दुसरा. रात्री घामाने भिजायचा, पण दारूच्या ठेक्याकडे गेला नाही. एका सकाळी माझा फोन वाजला. बैठकीतले प्रल्हादजी, रेल्वेचे निवृत्त गार्ड.

"माताजी, रत्नाकर भैया घर पर हैं?"

माझ्या तोंडात 'वो नहीं रहे' हे उत्तर तयार होतं. अकरा वर्षांपूर्वी कितीतरी जणांना दिलेलं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "हैं. नहा रहे हैं."

त्या दिवसापासून मला घरात दोन माणसांची चाहूल लागू लागली. ढुंढी खोकला की रत्नाकर खोकल्यासारखा वाटे. पायांची सूजही उतरत नव्हती.

पितृपक्षातली दशमी रत्नाकरच्या श्राद्धाची. गंगा चढलेली, खालच्या सगळ्या पायऱ्या गढूळ पाण्याखाली. मणिकर्णिकेवर चिता वरच्या गच्चीवर रचत होते; धूर आमच्यापर्यंत येत होता. मी तिळाची वाटी धरून उभी. ढुंढीने ओंजळ भरली.

"अस्मद्भ्रातरं..."

पुढे रत्नाकरचं नाव येईना. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला. बोटांमधून पाणी गळून गेलं.

"ताई," तो वळून म्हणाला, "हे पाणी कोणाला चाललंय?"

"अरे, दादाला. आणखी कोणाला?"

"तिकडे रत्नाकर मी आहे ना."

ओल्या धोतरानेच तो वर चढला. आमच्या गल्लीच्या टोकाला उजवीकडे घर आहे, डावीकडे ठेका. तो डावीकडे वळला. रिक्षाही तिकडेच मिळतात, असं मी स्वतःला समजावत राहिले. श्राद्धाचं पान वाढलेलं तसंच राहिलं. चार वाजेपर्यंत तो आला नाही.

त्या दिवशी बैठक होती. मी एकटीच रिक्षा करून गेले आणि त्याच बाकावर बसले. आत बघायचा धीर होईना. एकेक जण बोलत होता. 

"मैंने आप लोगों से झूठ कहा," ढुंढीचा आवाज आला. अडखळत, पण कोरडा. "रत्नाकर मेरे बड़े भाई थे. इसी से गए. मेरा नाम ढुंढिराज है. पंचगंगा पर श्राद्ध कराता हूँ."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "अरे पंडितजी..." कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. मग प्रल्हादजींचा आवाज, "ढुंढिराज भाई, स्वागत है." मागून बाकीचे म्हणाले, पण या वेळी सूर एक नव्हता.

परतीच्या वाटेवर तो एवढंच बोलला, "ठेक्यापर्यंत गेलो होतो, ताई. दार बंद नव्हतं. मीच आत नाही गेलो."

सर्वपित्रीला नाशिकचं एक मोठं कुटुंब यायचं होतं. ढुंढीने पहाटेच पाट मांडले, दर्भ मोजून ठेवले, पिंडांचं पीठ मळलं. ऊन घाटावर आलं. नाशिकची मंडळी आली आणि आमच्यासमोरूनच पुढे, दुसऱ्या गुरुजींकडे गेली. त्यांच्यातल्या एका बाईने मागे वळून पाहिलं. बैठकीतलं बाहेर कोण बोललं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

दुपारपर्यंत पाट रिकामेच होते. मग ढुंढी उठला, सुजलेले पाय सांभाळत पाण्यात उतरला आणि माझ्याकडे हात पसरला. मी तीळ दिले.

त्याने रत्नाकरचं नाव घेतलं. खणखणीत, गोत्रासकट, एकही अक्षर न चुकवता. ओंजळीतलं पाणी त्या गढूळ गंगेत पडलं आणि धारेला लागलं.