सहा माणसांचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. जरासे डुगडुगते, पण त्यात माझा दोष नाही. मला घडवणारा सुतार उठताबसता म्हणायचा, दोनदा मोजावे आणि एकदा कापावे. माझे तीन पाय त्याने तसेच कापले. चौथ्याला करवत लावली आणि निरोप आला की मुलगी झाली. त्या आनंदात तो पाय अर्ध्या बोटाने आखूड कापला गेला. गावभराची दारे-खिडक्या रेषेत बसवणारा हा माणूस, आणि त्याच्याच घरचे टेबल लंगडे. पुढे कधीतरी तो पाय बदलायला निघाला, पण बायकोने हात धरला. पायाखाली लाकडाची चकती सारून ती म्हणाली, "राहू द्या. थोरलीचा वाढदिवस आहे तो."

सुतारांना एक खोड असते, मापे दिसेल तिथे लिहून ठेवण्याची. हा माझ्याखाली शिरून उताणा पडायचा, कानावरची पेन्सिल काढायचा आणि माझ्या पोटावर लिहायचा. 'थोरली, वीस इंच.' 'धाकटा, साडेएकोणीस इंच, आवाज मोठा.' फितीने बाळ मोजणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. शाळा, गोवर, पडलेले दात, नवे दुकान, सगळे तिथे लिहिले गेले. वर सहा माणसांची ताटे, पुस्तके, भांडणे. कोणी रागाने मूठ आपटली तरी मला बरेच वाटायचे.

पुढे सुताराचे म्हातारे आईवडील गेले, मुले मोठी होऊन लांब गेली. सुताराचे गुडघेही गेले आणि त्याचे लिहिणे थांबले. आता त्याला ठाऊक नसलेली गोष्ट सांगतो. फरशी पुसायला वाकली की बायको त्याच्या जुन्या ओळी वाचायची आणि त्यांच्याखाली उत्तरे लिहायची, त्याचीच पेन्सिल पळवून. तो बिचारा घरभर पेन्सिल शोधायचा आणि उंदरांना शिव्या घालायचा. मुले सुट्टीला आली की त्यांच्याकडून मला उलटे करवून त्याला चकित करायचे, असा तिचा बेत होता. पण सुट्टीआधीच तिला ताप आला आणि आठवड्यात ती गेली.

त्यानंतर सुतार ओट्याशी उभा राहून, ताट हातात धरून जेवू लागला. माझ्यावर औषधे आणि रद्दी साठली. कधीतरी दुपारी तो येऊन बसायचा, माझ्यावर पंजा टेकवायचा आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणायचा, "बोल की काहीतरी." काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिचे बोलणे त्याच्या पंजाखाली दीड इंचावर होते. मला पाय चार आहेत, तोंड नाही. असते तर तेव्हाच ओरडलो असतो.

शेवटी एकदा त्याने थोरलीला फोन केला. एवढे मोठे टेबल एकट्याला कशाला, देऊन टाकतो, म्हणाला. तिच्या दोन खोल्यांत मला जागा नव्हती, तिने होकार दिला. मी घाबरलो. मी गेलो तर त्याच्या बायकोचे शब्दही न वाचलेले जाणार होते.

दुसऱ्या दिवशी जुन्या सामानाचा व्यापारी आला. वाळवी आहे का ते पाहायला त्याने मला उलटे केले. चकती निसटून कपाटाखाली गेली. "वाळवी नाही," तो म्हणाला, "पण खाली कुणीतरी बरंच लिहिलंय."

सुतार चष्मा शोधून आला, खुर्ची ओढून बसला. 'थोरली, वीस इंच.' त्याखाली बायकोचे अक्षर: 'एकवीस. तुमचे हात थरथरत होते.' 'धाकटा परगावी गेला. बरं झालं.' त्याखाली: 'दोन दिवस जेवला नाहीत तुम्ही.' आणि अगदी कडेला शेवटचे: 'मी आधी गेले तर उभ्याने जेवू नका. वरच्या मजल्यावरचे मास्तरही एकटेच जेवतात, त्यांना हाक मारा. टेबल सहा जणांचं केलंय तुम्ही.'

त्याने ते दोनदा वाचले, माप घ्यावे तसे. मग तो पोटभर रडला. डोळे पुसून सुताराने व्यापाऱ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि खाली लिहिले, 'वाचलं. उशिरा.'

"गाडीत चढवू का?" व्यापाऱ्याने हळूच विचारले.

"नको, सरळ करा. आणि तुम्हीही बसा, जेवूनच जा." मग कठडा धरून त्याने जिन्यातून वर हाक मारली, "मास्तर, ताट घेऊन खाली या. जेवायला बसतोय."

मित्रांनो, मला पुसले नाही तरी चालेल. पण तुमच्या घरी कोणी उभ्याने जेवत असेल तर त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसा. आणि कुणाला सांगायचे असलेले लपवून ठेवू नका. माझ्यासारख्या मुक्याच्या भरवशावर तर मुळीच नको.

त्या दुपारी मास्तरांनी कोपर टेकवले आणि मी डुगडुगलो. "पाय आखूड आहे की हो," म्हणत ते कागदाची घडी करू लागले.

"राहू द्या," सुतार म्हणाला, "थोरलीचा वाढदिवस आहे तो."