खुर्ची सुकेपर्यंत

मालकांच्या बंद दारासमोर खुर्च्या मांडून वेतवाली उभी होती आणि तिच्या मनात दोन मागण्या एकमेकींशी भांडत होत्या. मालकांनी दार लगेच उघडावं. आणि मालकांनी दार इतक्यात मुळीच उघडू नये.

पहिली मागणी कुणालाही समजली असती. करारच तसा होता. मालकांच्या सभागृहातल्या सगळ्या फाटक्या खुर्च्या तिने नव्या वेताने विणून आज संध्याकाळी सहाच्या आत त्यांच्या दारात पोहोचवायच्या. बदल्यात तिचं दुकान आणि मागची खोली, जिथे तिची आंधळी आत्या राहत होती, आत्या आहे तोवर या दोघींकडेच राहणार. एक जरी खुर्ची कच्ची निघाली तर जागा रिकामी. करार झाला तेव्हा मालक साखरेसारखे गोड होते. मग एका औषधवाल्याचा त्या जागेवर डोळा गेला आणि मालकांना वेतवालीचे फोनसुद्धा ऐकू येईनासे झाले.

“करार पाळून तरी संपतो, नाहीतर मोडून,” वकीलबाईंनी तिला बजावलं होतं. “ते दार उघडणार नाहीत, तू लिहून ठेव. तू वेळेत जा, माल तपासता येईल असा समोर मांड आणि एक साक्षीदार सोबत ने. तरी त्यांनी घेतला नाही, तर करार त्यांनी मोडला. पण माल चोख हवा हं. कच्चा निघाला, तर मोडणारी तू.”

आणि माल कच्चा होता. सगळा नाही, एकच खुर्ची. पण करारात एकच लिहिलं होतं ना!

टेम्पोत खुर्च्या चढवताना शेवटच्या बैठकीला तिचा हात लागला. वेत ओलाचिंब. ही आत्याची करामत. विणून झालेल्या बैठकीला खालून पाण्याचा हात फिरवायचा, म्हणजे सुकताना वेत आणखी ताणून बसतो. आत्या त्याला शेवटचं पाणी म्हणायची आणि दिसेनासं झाल्यावरही चाचपडत ते द्यायचीच. पण ते द्यायचं आदल्या दिवशी. ओल्या वेतावर कुणी टेकलं की कायमचा झोळ पडतो, मग ती बैठक उसवण्याशिवाय गत्यंतर नाही. खुर्च्या आज जायच्या आहेत हे आत्याला माहीतच नव्हतं. माहीत कसं असणार? खोली जायची वेळ आलीय हेच वेतवालीने तिच्यापासून लपवलं होतं, आणि आता स्वतःच्या त्या शहाणपणाचा तिला मनस्वी राग येत होता.

तिने ती खुर्ची रस्त्याच्या कडेला, उन्हावाऱ्यात ठेवली. पुन्हा घंटी वाजवली. आत वाजल्याचं स्पष्ट ऐकू आलं. कुणी आलं नाही. तिला हायसं वाटलं, आणि तरी तिने लगेच पुन्हा घंटी दाबली.

साक्षीदार म्हणून दुकानाशेजारचा घड्याळवाला आला होता. गिऱ्हाइकांची दुरुस्त केलेली घड्याळं तो दोन्ही मनगटांवर घालून तपासायचा.

“सहाला किती अवकाश आहे?” तिने विचारलं.

“कुठल्या हाताचं सांगू?”

“काका, माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला गंमत सुचतेय!”

“अगं, ते बाहेर गेले असतील.”

“वरचा पंखा चालू आहे बघा ना.”

ऊन कलत गेलं. वेतवाली घटकेघटकेला त्या बैठकीला बोट लावायची आणि बोट आपल्याच गालावर टेकवून ओल अजमावायची. मऊ. अजून मऊच. मग तिने हातच लावायचा नाही असं ठरवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दुपारभर उभं राहून घड्याळवाल्याचे पाय भरून आले होते. बिचाऱ्याने जवळची, नेमकी तीच ओली खुर्ची ओढली आणि टेकायला वाकला.

“नको! तिच्यावर बसू नका!”

खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकून ती वळली आणि अशी किंचाळली की रस्त्यावरचे चार लोक थबकले. वरच्या मजल्यावरचा पडदा हलला.

जिन्यावर पावलं धडधडली. दुपारभर न उघडलेलं दार धाडकन उघडलं आणि मालक हसत बाहेर आले.

“काय, साक्षीदारालाही बसू देत नाही? मग मी कशाला घेऊ? काका, तुम्हीच साक्षीदार ना? मग बघा हं, मी तपासतोय.”

“मालक, आधी बाकीच्या बघा,” वेतवाली म्हणाली. तिला तिचाच आवाज परका वाटला.

“बाकीच्यांचं मला काय करायचंय?”

त्यांनी ती खुर्ची मधोमध घेतली. अंगाने ते चांगले भरलेले. आत्याची खाट कुठे हलवायची, हा एकच विचार वेतवालीच्या डोक्यात होता. मालक सगळा भार टाकून दाणकन बसले.

वेत करकरला. कोरडा, खणखणीत आवाज. बैठक जराही खचली नाही.

मालक उठले, पुन्हा बसले. खाली वाकून त्यांनी बोटांनी वेत दाबून पाहिला. ढोलकीच्या चामड्यासारखा ताठ. दुपारभर त्यांनी पडद्याआडून सहा वाजायची वाट पाहिली होती, आणि दुपारभर ऊन-वारा आपलं काम करत होता.

“सहाला थोडा वेळ आहे,” घड्याळवाला म्हणाला. “दोन्ही हातांवर.”

मालकांनी पोच लिहून दिली.

वेतवाली घरी आली. आत्या खाटेवर बसून वेताचे तुकडे गुंडाळत होती.

“गेल्या का गं खुर्च्या? मला सांगितलं नाहीस होय! बरं झालं, सकाळी मी त्या शेवटच्या खुर्चीला पाणी दिलं. हाताला ढिली लागत होती ती, तशीच गेली असती तर नाक कापलं असतं आपलं. ताठ होती ना?”

वेतवाली खाटेजवळ खाली बसली आणि तिने आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं.

“ताठ होती, आत्या. तुझ्या पाण्याने.”

“मग रडतेस कशाला?” आत्या म्हणाली. तिचा हात ओल्या गालावर येऊन थांबला होता.