शेवटल्या ओळीतलं नाव

झरीच्या सूर्यभानचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं, आणि त्यात एप्रिलच्या उन्हाचा वाटा फार थोडा होता.

परभणीत बसस्टँडामागं दिनकररावांचं कॅसेटचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीला ते 'स्टुडिओ' म्हणत. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, खिडकीला गादी लावलेली, आणि घरघर टेपमध्ये येते म्हणून पंखा बंद. मधोमध एकुलता एक माईक. माईकपुढं सूर्यभानची बायको पंचफुला, शेजारी पेटी घेऊन स्वतः सूर्यभान आणि दारापाशी ढोलकी घेऊन लिंबाजी. त्यांच्या गायन पार्टीची ही पहिलीच कॅसेट, आणि तिघंही भट्टीतल्या विटांसारखे भाजून निघत होते.

रेकॉर्डिंगची रीत अशी, की गाणं सुरू झालं की एका दमात शेवटाला न्यायचं. मध्ये कुणी चुकलं, खोकलं, नाहीतर बाहेर एसटीनं भोंगा दिला, की टेप मागं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. पंचफुला सुराला चुकत नव्हती, तालाला चुकत नव्हती. घोडं शेवटल्या ओळीपाशी पेंड खात होतं. तिथं आली की ती गप्प बसायची, कारण त्या ओळीत सूर्यभानचं नाव होतं.

ज्यानं गाणं रचलं त्याचं नाव शेवटल्या कडव्यात गुंफायचं, ही गायन पार्ट्यांची जुनी चाल. सूर्यभानसाठी मात्र ती चालीरीत नव्हती, जिवाची गोष्ट होती. विद्यापीठाच्या नामांतराच्या सभांमधून त्याची गाणी जिल्हाभर फिरली, पण फिरता फिरता त्याचं नाव वाटेत गळून पडलं. पाथरीचा भुजंग त्याचीच गाणी म्हणायचा आणि शेवटी खुशाल 'भुजंग म्हणे' जोडायचा. बोरीत तर एका म्हाताऱ्यानं सूर्यभानच्याच पाठीवर थाप मारली होती, "भुजंगाचं गाणं बरं म्हंतूस की रं." ते सूर्यभानच्या मनात अजून सलत होतं. टेपवर एकदा नाव चढलं की कुणाच्या बापाला खोडता येणार नाही, या एका आशेवर तो इथं घाम गाळत बसला होता.

गावोगावच्या कार्यक्रमांत ही अडचण कधी दिसलीच नव्हती. शेवटली ओळ आली की पंचफुला पाण्याचा तांब्या तोंडाला लावायची आणि ती ओळ लिंबाजी म्हणून टाकायचा. इतकी वर्षं सूर्यभानला वाटत होतं, बाईला तहान लागते.

इथंही ती ओळ लिंबाजीला देऊन बघितली. दारापासून त्याचा आवाज माईकपर्यंत पोचेना. त्याला जवळ घेतलं तर ढोलकीखाली सगळं गाणं बुडालं. मग सूर्यभान स्वतः माईकपाशी वाकला. दिनकररावांनी टेप मागं घेऊन ऐकवली.

लिंबाजी म्हणाला, "कोर्टात पुकारा झाल्यावानी वाटायलंय."

सूर्यभान त्याच्यावर असा खेकसला, की चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मग तो बायकोकडं वळला.

"अगं, तूच म्हंतीस ना, रूढी सोडा म्हणून? पहिल्याच गाण्यात म्हंतीस. आन नवऱ्याचं नाव घ्यायला जीभ जड व्हायली व्हय?"

पंचफुलानं पदरानं मान पुसली. "मला का कळत न्हाई? पर माय सांगायची, नाव घेतलं की त्या माणसाचं आयुष्य तेवढं कमी होतंय. खोटं असंल. समदं खोटं असंल. पर उद्या तुमाला काई झालं, तर मी कुनाला इचारू?"

सूर्यभान जास्तच चिडला. दिनकरराव कपाळाचा घाम निपटत म्हणाले, "कवीराज, विद्यापीठाला नाव द्या म्हणून अख्ख्या मराठवाड्याला सांगायलाव. आन तुमचं तुमच्याच घरात कुनी घेईना."

लिंबाजी हसला. सूर्यभानला वाटलं, पेटी उचलावी आणि सरळ झरीची गाडी धरावी.

शेवटी बाकीच्या गाण्यांतलं नाव त्यानं कडू तोंडानं सोडलं. पण नामांतराचं गाणं राहिलं होतं, आणि ते बिननावाचं जाऊ द्यायला तो मेला तरी तयार नव्हता. तेव्हा पंचफुलाच म्हणाली, "लग्नात उखाण्यात घेतलं होतं मी. उखाण्यात चालतंय. ओळ तशी बांधा."

"नामांतराच्या गाण्यात उखाणा?" सूर्यभाननं कपाळावर हात मारला.

"मग ऱ्हाऊ द्या."

त्यानं बांधली. दात-ओठ खात, पेटीवर बोटं आपटत बांधली. निळ्या निशाणाखाली जमली सारी आळी, सूर्यभानाचं नाव घेते शेवटल्या ओळी. वर बाईसाहेबांची आणखी एक अट होती. कुणी आग्रह केल्याशिवाय नाव घेत नसतात. म्हणून गाणं सुरू करण्याआधी दिनकररावांनी गंभीर चेहऱ्यानं हात जोडले आणि म्हणाले, "वहिनी, नाव घ्या."

टेप फिरू लागली. गाणं चढत गेलं. त्या दिवसभरात पंचफुला अशी गायली नव्हती. शेवटलं कडवं आलं, 'सारी आळी' झालं, तिनं डोळे मिटले आणि मोकळ्या गळ्यानं म्हटलं, "सूर्यभानाचं..."

लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं आपलं नाव तिच्या तोंडून ऐकलं. त्याची बोटं पेटीवरच थिजली, भाता मिटला. पेटी बंद पडली म्हणून लिंबाजीचा हातही थांबला. तिनं मात्र ते नाव एकटीनं, कशाच्याही साथीशिवाय, लांबवर ओढत नेलं आणि ओळ पुरी केली.

"कवीराज, पेटी कामून थांबवली?" दिनकरराव वैतागले. "समदं गाणं नासलं. पुन्हा घ्या."

"आता न्हाई," पंचफुला माईकपासून उठली. "एकदा घेतलं. आता मला मारलं तरी न्हाई."

घरी जाताना अख्ख्या वाटेत सूर्यभान स्वतःलाच शिव्या घालत होता. दिवसभर बायकोला बोलला, आणि गाण्याची माती स्वतःच्या हातानं झाली. कॅसेट तशीच निघाली, मधल्या त्या खड्ड्यासकट.

पुढच्या वर्षीच्या जयंतीला पाथरीत भुजंगाचा कार्यक्रम होता. पाहुण्यांच्या आग्रहानं सूर्यभान आणि पंचफुला मंडपात मागं जाऊन बसले. भुजंगानं नामांतराचं तेच गाणं धरलं. भुजंगाच्या पार्टीनं गाणं कॅसेटवरूनच पाठ केलं होतं, अगदी हुबेहूब. 'सारी आळी' झालं आणि पेटी थांबली. ढोलकी थांबली. चूकसुद्धा त्यांनी शिकून घेतली होती.

त्या शांततेत भुजंग स्वतःचं नाव घालायला दम घेत होता, तेवढ्यात साऱ्या मंडपानं, बायकांनी, लेकरांनी, कडेला उभ्या म्हाताऱ्यांनी एका सुरात ओळ उचलली. "सूर्यभानाचं..."

भुजंगाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सूर्यभानच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती लपवायला त्यानं बायकोकडं बघितलं. भरल्या मंडपात तिनं एकटीनं तोंडाला पदर लावून ओठ घट्ट मिटलेले होते.

"लेकरं घ्यायलीत नाव," तो चिडून म्हणाला, "आन तू गप?"

"येवढ्या जणांनी घेतलं," पंचफुला हळूच म्हणाली. "कुनीतरी तुमच्या आयुष्याचं बगाया नगं?"