पाय अजून बाहेरच होते

टक्.

धाकटा नुकताच झोपला होता आणि त्या दुर्मिळ शांततेत सासूबाईंचं नेलकटर वाजलं. टक्. पुन्हा टक्. तोंडावर बोट ठेवून मी वळले, तर त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यातून रक्त ठिबकत होतं आणि त्या निवांतपणे पुढचं नख कापत होत्या.

"अहो आई, रक्त!"

"अगंबाई!" त्या वाकून बघत म्हणाल्या. "मला कळलंसुद्धा नाही."

आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याची मला आज किळस येते. बारा वर्षं मधुमेहाच्या गोळ्या खाणाऱ्या बाईला स्वतःचं मांस कापलेलं कळत नाही, यात हसण्यासारखं काय होतं? पण हसलो, पट्टी लावली आणि विसरलो.

पंधरा दिवस झाले तरी जखम भरेना. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींनी पत्ता दिला. "डॉक्टर कशाला? ते कापाकापीच सांगतात. इथे नुसते पाण्यात पाय बुडवायचे. माझ्या गुडघ्यातून काय काय निघालं म्हणून सांगू!"

जागा म्हणजे बंद पडलेली व्यायामशाळा. भिंतीला अजून आरसे होते, त्यामुळे चाळीस माणसांचे पाय ऐंशी माणसांचे वाटत. प्रत्येक खुर्चीसमोर पांढरा प्लास्टिकचा टब, टबात कोमट पाणी, पाण्यात वायर जोडलेलं एक लोखंडी नळकांडं. सगळे ज्याला 'सर' म्हणत तो पांढऱ्या कोटातला माणूस चमचाभर मीठ टाकायचा, बटण दाबायचा आणि पुढच्या खुर्चीकडे वळायचा. पाच-सात मिनिटांत पाणी पिवळं, मग तपकिरी, मग गटारासारखं. वर फेसाची साय, सायीत कुणाच्या तरी टाचेचे पापुद्रे. पाय पुसायला मात्र ओळीत एकच टॉवेल फिरायचा, शेवटच्या खुर्चीपर्यंत तो ओला आणि केसाळ होऊन पोचायचा.

"बघा मंडळी, बघा!" सर ओरडायचे. "हे कुठून आलं? नळातून? नाही! तुमच्यातून! आयुष्यभर खाल्लेली औषधं, गिळलेला राग! तळपायाला दोन हजार दारं आहेत, पण किल्ली कुणाकडे?"

"सरांकडे!" हॉल म्हणायचा.

भिंतीवर तक्ता होता. तपकिरी म्हणजे यकृत, हिरवट म्हणजे सांधे, काळे कण म्हणजे रक्तातला मळ, फेस म्हणजे चिंता. आमच्या शेजारी बसणाऱ्या बसचालकाच्या टबात नुसताच फेस झाला, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "चिंता? यांना? जेवण झालं की पाचव्या मिनिटाला घोरतात!" सगळे हसले, सरही हसले. "ताई, घोरणं हीच आतली चिंता." काहीही म्हटलं तरी तक्त्यात बसायचंच.

सासूबाईंचा अंगठा बघून सर खूश झाले.

"दुखतो का आजी?"

"मुळीच नाही हो."

"ऐकलंत? एवढी जखम आणि दुखत नाही! म्हणजे विष बाहेर पडतंय. पट्टी लावू नका, त्याची वाट अडते. आणि घरी मोजा काढायचा नाही. हवा लागली की विष परत आत."

आमचा वार बुधवारचा. असे पाच बुधवार गेले. पाचव्यानंतर तो मोजा आठ दिवस पायावरच राहिला. घरात वास येऊ लागला. फ्रीजमध्ये काही सडलंय म्हणून मी फ्रीज धुतला, मग धाकट्याची दुपटी उकळली. वास सासूबाईंच्या खोलीपाशी वाढतो हे नाकाला कळत होतं. पण विष निघताना वास येणारच, असं सर म्हणाले होते.

सहाव्या बुधवारी गर्दी जास्त होती. सरांनी सवयीने मीठ टाकलं, बटण दाबलं आणि मग म्हणाले, "काढा मोजा, आजी."

मोजा निघेना. सरांनी खाली बसून ओढला, तरी निघेना. तो कातडीला चिकटला होता. मी पाणी लावून लावून कड सोडवत होते आणि प्रत्येक बोटासरशी तो वास फुटून बाहेर येत होता. बसचालकाने नाकाला रुमाल लावला. शेवटी कापड सुटलं आणि त्याच्याबरोबर बरंच काही सुटलं. अंगठ्याचं टोक काळं होतं. खाली पिवळं, ओलं, लिबलिबीत.

"निघाला का गं?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं. त्या समोरच्या आरशात स्वतःचे केस नीट करत होत्या.

तेवढ्यात माझी पाच वर्षांची ठमी टबावर वाकून म्हणाली, "आजी, तुझं पाणी घाण झालं."

कुणी लक्ष दिलं नाही. तिला कुणी लक्ष न दिलेलं चालत नाही. ती मोठ्याने म्हणाली, "अहो सर! आजीचे पाय अजून बाहेरच आहेत!"

टबातलं पाणी तपकिरी झालं होतं. वर फेस, फेसात काळे कण. आजीचे दोन्ही पाय माझ्या मांडीवर.

सर क्षणभरच अडखळले. "लहरी! मंडळी, आजींच्या लहरी इतक्या तीव्र की मशीनने दुरूनच खेचल्या!"

"मग तो टब त्या कोपऱ्यात ठेवा," मी म्हटलं. माझा आवाज चिरकत होता. "नवीन पाणी घ्या, मीठ घाला. जवळ कुणी जाऊ नका. बघू कुणाच्या लहरी येतात."

"ताई, हे शास्त्र आहे, तमाशा नाही."

पण बसचालक उठला होता. टब त्यानेच भरला, कोपऱ्यात ठेवला, नळकांडं सोडलं, बटण दाबलं. चाळीस माणसं माना वळवून पाय नसलेल्या टबाकडे बघत राहिली. पाणी पिवळं झालं. मग तपकिरी.

"टबाला यकृत आहे वाटतं," बसचालकाची बायको म्हणाली.

काहीजण हसले, काहींनी चपला शोधल्या. शिवणकामवाल्या मावशींनी मात्र पाय पाण्यातून काढले नाहीत. "मला तर फरक पडलाय बाई," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी आम्ही पायांच्या डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यात गेलो. मला वाटलं होतं, आधी सुरी काढतील. डॉक्टरीणबाईंनी आधी हातमोजे चढवले आणि सासूबाईंची चप्पल उलटी करून आत बोटं फिरवली. "पायाला न कळलेला खडा इथेच सापडतो," त्या म्हणाल्या. मग पायाची नाडी शोधली. मग डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक जाड दोरा तळव्याला दहा ठिकाणी टेकवला. लागला की 'हो' म्हणायचं.

दोरा वाकत होता. सासूबाई गप्प होत्या.

"आजी, हो म्हण ना!" ठमी कुजबुजली.

दहातला एकही 'हो' आला नाही. तेव्हा सासूबाईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "सुरू कधी करणार?" आणि आमचे चेहरे पाहून त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

जखम साफ करता करता डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "पाण्यात मीठ घालून लोखंडातून वीज सोडली की लोखंड गंजतं. तुम्ही पाहिलात तो गंज. काळे कणही तेच. फेस विजेने पाण्यातून सुटणाऱ्या बुडबुड्यांचा. शेवटच्या खेपेला मीठ घालत नाहीत, पाणी स्वच्छ राहतं, माणूस शुद्ध झाला! आणि न दुखणं म्हणजे बरं होणं नव्हे. साखरेनं नसा मेल्यात. अंगठ्याचं आज काही सांगत नाही. आत्ता इस्पितळात न्या, हाडापर्यंत गेलंय का ते बघू द्या. आणखी एक बुधवार काढला असतात, तर पायाबद्दल बोलत असतो आपण."

अंगठ्याचं टोक गेलं. पाय राहिला.

मला सर्वांना एवढंच सांगायचं आहे. कुणी तुमच्यातून काही काढून दाखवलं, तर तुम्ही तिथे नसताना ते निघतं का, हे एकदा बघा. पाय बाहेर ठेवा आणि बटण दाबायला सांगा. त्याला पदवी लागत नाही, पाच वर्षांचे डोळे पुरतात. आणि जखम दुखत नसेल, तर आधी घाबरा आणि डॉक्टरकडे जा.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. त्या हॉलमध्ये दर बुधवारी तासभर धाकटा माझ्या मांडीवर झोपायचा, ठमी चित्रं काढायची आणि मला कुणी हाक मारायचं नाही. मी भिंतीला डोकं टेकून बसायचे.

आता रोज सकाळी सासूबाईंच्या तळव्याखाली आरसा धरायचं काम ठमीचं आहे. काल तिने आरसा धरला, सगळं नीट तपासलं, आजीच्या पायाचा वास घेतला आणि "छान आहे" म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं,

"आई, तेव्हा वास तर तुलाही यायचा ना? मग आपण दर बुधवारी का जायचो?"