साईनाथची हायब्रीड आणि माहेरचं खाचर

साईनाथला गाडी चालवता येत होती, सांभाळता येत नव्हती. हायवेलगतचं वडिलोपार्जित भातखाचर विकून त्याने टर्बो इंजिनाची हायब्रीड आणली आणि असा टेंभा मिरवू लागला, जणू इंजिनाचा शोध त्यानेच लावला होता. शोरूममधला पोरगा जीव तोडून सांगत होता, "दादा, टर्बो फार तापतो. गाडी बंद केली तरी पुढचा पंखा थोडा वेळ फिरेल. फिरू द्या." तेव्हा हा दीडशहाणा बॉनेटला टेकून फोटो काढून घेत होता. ऐकलं ते त्याच्या बायकोने, समिधाने.

गावात गाडी बंद केल्यावर पंखा फिरला तेव्हा चुलतभाऊ विठूने टोमणा मारला, "सायनाथ, तुजी गाडी झोपल्यावर घोरते रं." चार माणसं हसली. एवढं पुरलं. साईनाथने पक्कड आणली, पंख्याचा फ्यूज उपटला आणि सगळ्यांदेखत उकिरड्यावर फेकला.

"त्यो पोरगा काय बोल्ला व्हता?" समिधाने विचारलं.

"पोरगा पगारी मानूस. मालक मी हाय."

चार लोकांच्या हसण्यापायी स्वतःच्या इंजिनाचा घात करणारा माणूस. समिधाला त्याची कीव येत नसे, किळस येई.

आता त्याला तिचं खालापूरजवळचं खाचर बंगल्यांच्या वसाहतीसाठी विकायचं होतं. ते तिच्या बापाने तिच्या नावावर केलं होतं. घरात तेवढीच जमीन उरली होती. रोजच्या कटकटीला विटून अखेर ती सहीला तयार झाली आणि दोघं कर्जतहून खालापूरच्या नोंदणी कचेरीकडे निघाली.

रस्ता मोकळा होता तोवर वाऱ्याने निभावलं. खोपोलीत कंटेनरांच्या रांगेत गाडी अडकली. एसी जोरात चालू, पंखा मेलेला. समोर तांबडा दिवा लागला.

"दिवा लागलाय."

"नव्या गाडीत लागतात दिवे."

मग बॉनेटमधून वाफ निघाली. साईनाथ कडेला थांबला, उतरला आणि थंडगार पाण्याची बाटली घेऊन पुढे गेला.

"अवो, आदी निवू द्या," समिधा म्हणाली. त्याने तापलेल्या टर्बोवरच बाटली उपडी केली. आतून टण्ण आवाज आला.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा अब्रार आला, वाकून पाहिलं. "टर्बो तडकलाय. इंजिनपन गेलं असंल. मोठं काम हाय."

निदान आता तरी याची मान खाली जाईल असं समिधाला वाटलं. छे. साईनाथने खाचराच्या गिऱ्हाइकाला फोन लावला, रिक्षाने येतो म्हणाला आणि तिच्याकडे वळून हसला.

"बरं झालं, आजच सही हाय. तुज्या खाचरातनं इंजिनाचं भागंल."

तिचा बाप उतारवयातही त्या खाचराचा बांध स्वतःच्या हाताने घालत असे. आणि या माणसाच्या निष्काळजीपणाचं बिल आता त्या मातीने भरायचं. समिधाला इतका संताप आला की आवाज चढवायचंही सुचलं नाही.

"सई नाय करायची मी."

"येडी झालीस काय? पार्टी बसलीय तितं."

"बसू दे. एक खाचर तुमी जाळलंत. ह्ये माज्या बापाचं हाय. यंदा त्यात भात लावनार मी."

खालापूरची एसटी आली तशी ती चढली. कचेरीच्या थांब्यावर बरेच लोक उतरले. समिधा बसून राहिली आणि पुढे, खाचराच्या फाट्याला उतरली.