बेचाळीस अंशांच्या हौदाची साक्ष

मित्रांनो, आर्नफ्रीदुर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरली. हे वाक्य तुम्ही वाचलेच नाही असे समजा. आमच्या गावात तसेच समजतात. इथे कोणी उभे राहिले नव्हते, कोणी पडले नव्हते, आणि कोणाच्या कोरड्या केसांविषयी कोणी अवाक्षरही काढले नव्हते. तेव्हा आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

मी एक जुना गरम पाण्याचा हौद आहे. आइसलँडच्या पश्चिम टोकाला, क्रोसएरी गावात, पोहण्याच्या तलावाशेजारी मी उघड्यावर बसलेला असतो. मला मासे-कारखान्यातल्या माणसांनी बांधले. वादळामुळे होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या, हाताला काम नव्हते, आणि रिकामी माणसे एक तर भांडतात नाहीतर काँक्रीट कालवतात. त्यांनी दोन्ही एकाच वेळी केले. त्यामुळे माझ्या आतली बैठक एका बाजूला चार बोटे उंच झाली आहे. तिथे बसणाऱ्याचे खांदे पाण्याबाहेर, वाऱ्यात राहतात. डोंगराच्या पोटातले पाणी माझ्यात पहिल्यांदा सोडले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती माझ्या वाट्याला आलेली शेवटची निखळ स्तुती. त्यानंतर ज्याने ज्याने माझी स्तुती केली, त्याला माझ्यात जागा हवी होती.

माझ्याशेजारी आणखी दोन हौद आहेत. एक अडतीस अंशांचा, एक चाळीसचा. मी बेचाळीसचा. अडतीसमध्ये लहान मुले, त्यांच्या आया आणि ज्यांचे अजून काही ठरलेले नाही असे लोक बसतात. चाळीसमध्ये बसणारे दोन्ही बाजू समजून घेतात. माझ्यात बसणाऱ्यांचे सगळे आधीच ठरलेले असते.

हौदाला राजकारणातले काय कळते, असे तुम्हाला वाटेल. पण इथे रस्त्यात उभे राहून गप्पा मारता येत नाहीत. वारा तोंडातला शब्द पळवून नेतो. देशाचा कारभार गळ्यापर्यंत पाण्यात बसून चालतो. एवढ्या निवडणुका ऐकून मला एक कळले आहे. माणूस मत देतो त्याला दोन कारणे असतात. एक तो सांगतो ते, आणि एक खरे. सांगायचे कारण वाफेबरोबर वर जाते. खरे कारण पाण्यात उतरते, आणि पाणी माझ्याकडे असते. एकदा एक विद्वान उमेदवार माझ्यात बसून म्हणाला, "छान कोमट आहे." गावाने त्याला तिथल्या तिथे पाडले. सांगताना मात्र सगळ्यांनी सांगितले की परराष्ट्र धोरणात तो जरा कच्चा होता. दुसऱ्या एकाने सुक्या माशाच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी लोणी लावले, तर गाव म्हणाले, माणूस अनुभवी आहे. तेव्हापासून माझा कोणावर विश्वास नाही.

माझ्यात उतरण्याचा एक नियम आहे. आधी न्हाणीघरात जायचे, अंगावर काही न ठेवता, साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची. भिंतीवर माणसाच्या आकाराचे चित्र आहे. त्यात डोके, काखा, मांड्यांमधला भाग आणि पाय लाल रंगवले आहेत. लाल ते सगळे धुवायचे. या नियमाला राज्यघटनेपेक्षा जास्त मान आहे, कारण राज्यघटना बदलता येते.

बायकांच्या बाजूला बेर्गथोरा उभी असते. हातात मॉप, डोळे उघडे. तिने मंत्र्याच्या बायकोला परत पाठवले आहे, धर्मगुरूच्या आईला परत पाठवले आहे, आणि स्वतःच्या लग्नाच्या दिवशी सकाळी स्वतःच्या सासूला. तिच्या डोळ्यांवर गावाचा भरवसा होता. पुरुषांच्या बाजूला म्हातारा रखवालदार वारला तेव्हापासून सगळे विश्वासावर चालते. तो विश्वास मी रोज चाखतो. त्याला डिझेलची चव आहे.

आर्नफ्रीदुर ही भूकंप मोजणारी बाई. कुठे डोंगर फुटला, की टीव्हीवर येऊन शांत आवाजात सांगायची, कोणी कुठून हलायचे आणि कोणी घरीच थांबायचे. ती अध्यक्षपदाला उभी राहिली आणि माझ्यात दोन तट पडले. हाल्बेरा, आमची निवृत्त शिक्षिका, तिच्या बाजूची होती, कारण मागे लाव्हा वाहत असताना ही बाई घड्याळाकडे बघत नाही. मेंढ्या पाळणारा उल्फार विरुद्ध होता. त्याचे म्हणणे असे, की ही बाई टीव्हीवर दिसली की जमीन हलते; अध्यक्ष झाली तर रोज दिसेल. यावर चाळीसच्या हौदात बराच वेळ विचार झाला आणि त्यात तथ्य आहे असे ठरले.

एविंदुर तिच्या बाजूचा होता. हा आमचा जुना तांडेल. समुद्र सुटला, पण बंदरातल्या होडीच्या इंजिनात हात घातल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. गरम पाण्याचा नळ माझ्या ज्या कोपऱ्यात येतो तो कोपरा त्याचा. तसे कुठे लिहिलेले नाही. डोक्याला कायम लोकरीची टोपी, दिवंगत बायकोने विणलेली. ती तो पाण्यातही काढत नाही. लोकांना वाटते, दुःखामुळे.

मे महिन्यात आर्नफ्रीदुर प्रचाराला आमच्या गावात आली. बरोबर वर्तमानपत्राचा छायाचित्रकार. बेर्गथोराने सकाळपासून फरशा घासल्या होत्या. तिला ही बाई निवडून यायला हवी होती, अगदी मनापासून. आणि नेमके त्यामुळेच व्हायचे ते झाले. उद्याची राष्ट्राध्यक्ष नळाखाली उघडी उभी असताना आपण तिच्या काखेकडे रोखून बघायचे, हे बेर्गथोराला बरे वाटेना. जिने सासूला सोडले नाही तिने आदराने पाठ फिरवली आणि एक स्वच्छ आरसा पुसत बसली.

आर्नफ्रीदुर बाहेर आली तेव्हा तिचे केस कोरडे होते. फोटो काढायचा होता म्हणून तिने ते भिंतीवरच्या गरम हवेच्या यंत्राखाली वाळवले होते. न्हाणीघराचा आणि माझा पाइप एकच आहे. आतले मला दिसत नाही, पण ऐकू सगळे येते. शिवाय तिने पाय टाकताच मला कळले. अत्तर नाही, मलम नाही, केसांना मारायचा फवारा नाही. त्या दिवशी माझ्यात जे जे होते त्यात सर्वांत स्वच्छ तीच होती, पाण्यासकट.

ती आधी अडतीसमध्ये बसली, मग तेवढाच वेळ चाळीसमध्ये, कोणाला राग नको म्हणून. मग माझ्यात आली आणि नळाच्या कोपऱ्यात बसली. तिला कोण सांगणार? सगळे पाण्याकडे बघू लागले. इतक्यात एविंदुर आला. ती हसून म्हणाली, "ये ना, बस," आणि तिने त्याला समोरची उंच बाजू दाखवली. तो बसला. खांदे वाऱ्यात. ती मच्छीमारांविषयी पुष्कळ आणि चांगले बोलली. तो तिच्या केसांकडे बघत होता.

ती गेल्यावर तो एवढेच म्हणाला, "केस कोरडे होते."

माझ्यातून हे वाक्य चाळीसमध्ये गेले तेव्हा, तिने आंघोळ केली नव्हती, असे झाले. अडतीसमध्ये, ती कधीच करत नाही, असे झाले. संध्याकाळी पेट्रोल पंपावरच्या दुकानात लोक सॉसेज खाता खाता बोलत होते, की ही निवडून आली तर साबणावर कर बसणार. अध्यक्षाला कर बसवता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यामुळे संशय अधिकच वाढला. आर्नफ्रीदुरने वर्तमानपत्रातून सांगितले, की आपण आंघोळ केली होती. आंघोळ केलेला माणूस असे कशाला सांगेल, असा निर्णय माझ्यात एकमताने झाला.

हाल्बेराने दुसऱ्या दिवशी बेर्गथोराला काठावर बोलावून घेतले. "तू होतीस ना आत? एकदाचं सांगून टाक, म्हणजे विषय मिटेल."

"पाण्याचा आवाज आला होता," बेर्गथोरा म्हणाली.

"आवाज काय, नळ सोडून बाजूला उभं राहिलं तरी येतो," उल्फार म्हणाला.

"बाई गं, तुला कोणी उलटतपासणीला नाही बोलावलं," एविंदुर हळूच म्हणाला. "तू पाहिलंस का, एवढंच विचारतोय."

मित्रांनो, एक "हो" पुरला असता. तिचा शब्द गावाने कधी तपासला नव्हता. त्या एका शब्दात उमेदवार वाचली असती आणि बेर्गथोराही. पण आजवर जितक्या बायका तिने माघारी पाठवल्या, तितक्या केवळ "मी पाहिलं" या दोन शब्दांवर. ते शब्द एकदा खोटे वापरले, की मागचेही सगळे खोटे होणार होते. माझे पाणी गरम असते, तरी त्या क्षणी ते गार वाटले.

"नाही पाहिलं," ती म्हणाली. "पाठ फिरवली होती मी."

मग गावाला दोन संशय मिळाले. उमेदवाराने आंघोळ केली नाही, हा एक. आणि बेर्गथोरा पाठ फिरवते, हा दुसरा. तिच्या सासूने कोणाशीही न बोलता आख्खा दिवस काढला, आणि मग फक्त "मला बरं धाडलंस" एवढे म्हणून झोपायला गेली. हाल्बेरा चाळीसच्या हौदात जाऊन बसू लागली. दोन्ही बाजू समजून घ्यायच्या आहेत, असे ती म्हणाली.

जूनमध्ये शनिवारी मतदान झाले. आमच्या गावाची पेटी मोटारीत घालून मोठ्या गावाला नेतात आणि तिथे सगळ्या गावांची मते एकत्र मिसळून मोजतात. त्यामुळे क्रोसएरीने कोणाला मत दिले हे कोणालाच कळत नाही, आणि म्हणून ते प्रत्येकाला पक्के माहीत असते. निकाल काय लागला ते तुम्ही वाचलेले नाही. थोडक्यात गेले. त्यानंतर माझ्यात बसून प्रत्येकाने सांगितले, की आपण तर तिलाच मत दिले होते. आमच्या गावात तिला जेवढ्यांनी मत दिले, तेवढे लोक आमच्या गावात राहत नाहीत.

बेर्गथोरा कामावर येत राहिली, पण तिचे डोळे फरशीवर खिळलेले असायचे. "केस राहिलेत," असे ती कोणाला म्हणाली, की समोरून उत्तर यायचे, "आज पाठ नाही का फिरवायची?" मग तिने म्हणणेच सोडले. मला ते पाण्यात कळू लागले. मलमे आली, अत्तरे आली, एकदा तर केक आला. पालिकेत विचार सुरू झाला, की बेर्गथोराला घरी पाठवावे आणि तिच्या जागी भिंतीवरचे लाल चित्रच मोठे करून लावावे. माझ्या तळाला शेवाळ धरले. कोणी विचारले नाही.

डोंगरावरून मेंढ्या खाली आणतात त्या दिवसांत आर्नफ्रीदुर पुन्हा आली. एकटी, स्वतःच्या जुन्या मोटारीतून. ती बेर्गथोरासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आत चल माझ्याबरोबर. आणि बघ."

"आता काय उपयोग त्याचा?"

"तू पाहिलं नाहीस, हे तू खरं सांगितलंस. आता पाहिलंस, हेही तुला खरं सांगता येऊ दे."

पाइपातून मला आधी नळाचा आवाज आला, मग साबणाचा. डोके, काखा, पाय, चित्रातल्या क्रमाने. मग बेर्गथोराचा आवाज आला, फार दिवसांनी पूर्वीसारखा.

"कानामागे राहिलंय."

कानामागे धुतल्याचा आवाज आला.

दोघी बाहेर आल्या. आर्नफ्रीदुरच्या केसांतून पाणी गळत होते, बेर्गथोरा कामाच्या कपड्यांत, मॉपसह. "केस ओले आहेत," तिने माझ्या काठावर येऊन जाहीर केले. तिला कोणी विचारले नव्हते. उल्फारने जमीन हलते का ते पाहिले. एविंदुर आपल्या कोपऱ्यात होता.

"तेव्हा अशी आली असतीस," तो आर्नफ्रीदुरला म्हणाला, "तर माझं मत तुलाच होतं."

"मग दिलंस कुणाला?"

"गुप्त असतं ते."

बेर्गथोरा त्याच्याकडे बघत होती. उन्हाळाभर तिने कोणाकडे असे बघितले नव्हते. तिची नजर त्याच्या कपाळावर गेली, तिथून वर गेली आणि तिथेच थांबली.

"एविंदुर, टोपी काढ."

"माझ्या बायकोनं विणलीय ती."

"माहितेय मला. ती रोज आधी डोकं धुवायची. काढ."

त्याने टोपी काढली. खालचे केस वाळल्या गवतासारखे ताठ उभे होते आणि हवेत डिझेलचा वास पसरला. हाल्बेरा चाळीसच्या हौदातून उठून नीट दिसेल अशा जागी आली. एविंदुर उठला, टोपी काठावर ठेवली आणि गार फरशीवरून अनवाणी, सगळ्या गावासमोर, न्हाणीघराकडे चालत गेला.

नळाचा कोपरा रिकामा झाला. आर्नफ्रीदुर माझ्यात उतरली, पण तिथे गेली नाही. ती उंच बाजूला बसली, खांदे वाऱ्यात ठेवून. बेर्गथोराने मॉप उचलला आणि आत जाताना एका बाईला दारातूनच परत फिरवले.

मित्रांनो, तुमच्या गावातला हौद जपा. त्याचा तळ घासा, आणि कोणावर संशय घेण्याआधी स्वतःच्या डोक्यावरून एकदा हात फिरवा. माझे एवढेच मागणे आहे. उरलेले मागणे रीतसर करतो.

सबब, मतमोजणी समितीस नम्र विनंती, की वरील वस्तुस्थिती विचारात घेऊन मौजे क्रोसएरी येथील मते इतर मतांतून वेगळी काढावीत; ती ज्या खऱ्या कारणांसाठी दिली गेली त्या कारणांसह संबंधित मतदारांस परत करावीत; मतदारांस आंघोळ घालून, बेर्गथोराबाईंच्या समक्ष, फेरमतदान घ्यावे; आणि प्रस्तुत अर्जदारास साक्षीसाठी बोलवावे. अर्जदार काँक्रीटचा असल्याने कार्यालयात हजर राहू शकत नाही. तरी समितीनेच अर्जदारात यावे. येताना आंघोळ करून यावे. टोपी काढून.